परसातला हौदा

माझ्या मुलीला गणित मी शिकवलं, असं आमच्या ओळखीतले सगळे समजतात. ते खरं नाही. तिला गणित माझ्या वडिलांनी शिकवलं. वडील दुसरीपर्यंत शाळेत गेले होते आणि त्यांना पाचच्या पुढचा पाढा धड येत नव्हता. मी हायस्कुलात गणिताचा शिक्षक होतो. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला कुठे आडोसा शोधता येणार नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम होती आणि आबा तिथले वस्ताद होते. पहाटे उठून ते तालमीत जात, पोरांकडून जोर-बैठका करून घेत, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती खोऱ्यानं खालीवर करत. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मुरवलेलं असे. आबा घरी आले की तोच वास घरभर यायचा. लहानपणी मला तो वास आवडायचा. शिक्षक झाल्यावर आवडेनासा झाला.

आबांची एक ख्याती होती. त्यांची पाठ कुणी लावली नव्हती. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की पैलवान चित झाला, संपलं. आबांच्या काही कुस्त्या बरोबरीत सुटल्या, पण ते चित कधी झाले नाहीत. माझी आई होती तेव्हा ती शेजारणींना सांगायची की हा माणूस झोपेतसुद्धा कुशीवर असतो, पाठ म्हणून टेकत नाही. आम्ही हसायचो, पण ते खरं होतं. आबांना उताणं झोपलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

मी तालमीत गेलो नाही. अंगानं काटकुळा होतो, लवकर चष्मा लागला, पुस्तकात रमलो. आबांनी त्याबद्दल कधी नाराजी दाखवली नाही. उलट मी बी.एड. झालो तेव्हा तालमीतल्या सगळ्या पोरांना त्यांनी पेढे वाटले आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारायचं सोडून ‘मास्तर’ म्हणायला लागले. त्यांना माझा अभिमान होता. मला मात्र त्यांचा संकोच वाटायचा. शाळेतला कुणी सहकारी घरी आला की आबा मातीनं माखलेले बाहेर येऊ नयेत, मोठ्यानं बोलू नयेत, ‘काय पावणं, जेवून जावा की’ असं म्हणू नयेत, असं मनातून वाटायचं. ते मात्र हमखास यायचे आणि हमखास म्हणायचे.

ही गोष्ट साठच्या दशकातली. माझी थोरली मुलगी तिसरीत होती. शाळेतून मी घरी आलो, चहा झाला, की तिला समोर पाटावर बसवायचो आणि पाढे म्हणून घ्यायचो. हातात लाकडी पट्टी असायची. कधी नुसती असायची, कधी बसायचीही. पाचपर्यंत ती नीट म्हणायची. सातच्या पाढ्याला लागली की ‘सात चोक’ म्हणून थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी पट्टीकडे बघत राहायची. पुढे पुढे तर दिवेलागणी झाली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. बायको ओवा द्यायची. मी म्हणायचो, सोंग आहे. ते सोंग नव्हतं, हे मला कळत होतं असं मी म्हणणार नाही. मला खरंच कळत नव्हतं. शाळेत चाळीस मुलं माझ्याकडून गणित शिकत होती, तेव्हा दोष माझ्यात असेल ही शंकाच मनाला शिवली नाही.

वार्षिक परीक्षेत ती गणितात नापास झाली. वर्ष गेलं. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसत म्हणालं की दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सांगितलं की अजून एक वर्ष बघू. पुन्हा नापास झाली तर शाळा बंद. माझ्या बहिणीला कुरुंदवाडला दोन तान्ही मुलं होती, घर मोठं होतं, तिला हाताखाली कुणीतरी हवंच होतं. मुलगी तिकडे राहील, घरकाम शिकेल. हे मी रागाच्या भरात बोललो नाही, विचार करून बोललो. मुलगी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं, आणि तिनं ऐकलं हे मलाही दिसलं.

आबा सोप्यात बसले होते. त्यांनीही ऐकलं. जरा वेळानं म्हणाले, “मास्तर, पोरीला सांजंचं माझ्याकडं सोड की. वरीसभर.”

मी विचारलं, तुम्हाला पाढे येतात का?

“न्हाय येत. सूनबाईला येत्यात की. ती सांगंल मला.”

माझी बायको सातवी झालेली होती. तिला पाढे चांगले येत, हे मला लग्नाला दहा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मी वैतागून ‘करा काय करायचं ते’ म्हटलं आणि त्या दिवसापासून संध्याकाळचा पाट सुटला.

आबांनी सुरुवात केली ती आपल्या सवयीनंच. मागच्या परसात ते जोर काढायला लागायचे. मुलगी त्यांच्या पाठीवर घोड्यावर बसावं तशी बसायची. आबा एक जोर काढत, तिनं एक आकडा म्हणायचा. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. सत्तरला पोचली की आबा उठून तिला उंच उचलायचे. मध्ये चुकली तर आबांचे जोर पुन्हा पहिल्यापासून. चुकलं की नाही हे आबांना कळायचं नाही, म्हणून पंच माझी बायको होती. ती स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ऐकायची आणि आकडा चुकला की उलथनं परातीवर हाणायची. तो आवाज झाला की आबा ‘मेलो गं आई’ म्हणायचे आणि मुलगी खिदळायची. खिदळता खिदळता ती एक दिवस सत्तरला पोचली. मग आठच्या पाढ्याला लागली. पोटात दुखायचं थांबलं होतं. हे सगळं मला बायकोनं नंतर सांगितलं. मी त्या वेळी शिकवण्या घेऊन उशिरा घरी यायचो.

एक दिवस लवकर आलो. परसाच्या दारात उभा राहिलो तर आबा जमिनीला हात टेकून धापा टाकत होते. साठी उलटलेला माणूस, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून खाली गळत होता. नवाचा पाढा चालू होता आणि तो काही पुरा होत नव्हता. परात वाजली. आबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी पुढे होऊन मुलीला खाली ओढलं आणि म्हणालो, “तुझ्या चुकांपायी आबांचा जीव जाईल एक दिवस.”

एवढंच म्हणालो. मला वाटलं, मी आबांची काळजी करतोय.

मुलगी रडली नाही. आबांनी अंगावरची माती झटकली आणि सदरा घातला. ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं, कारण तालमीत त्यांचा आवाज शेवटच्या घरापर्यंत ऐकू यायचा. पण ते हळू आवाजात म्हणाले, “तालमीत पोरगं पडलं तर आमी त्येला बोलत न्हाय मास्तर. आनि हाताला धरून वढत बी न्हाय. पडल्यालं आपलं आपन उठतंय.” आणि आत निघून गेले.

त्यानंतर मुलीनं आकडा तोंडातून काढायचं बंद केलं. पाढा तर सोडाच, आईनं चार भाकरी आण म्हटलं तर ती गपचूप भाकऱ्या आणून ठेवायची, ‘चार’ म्हणायची नाही. शाळेत बाईंनी विचारलं तर खाली मान. घरात आम्ही सगळे तिच्याभोवती हळू चालायला लागलो. कुरुंदवाडचा विषय मी काढला नाही, पण तो घरात हजर होता.

मग एका सकाळी आबा डोक्यावर पाटी घेऊन आले. पाटीत तालमीची लाल माती होती. अशा कितीतरी पाट्या त्यांनी स्वतः वाहिल्या. परसात शेवग्याच्या झाडाखाली चार विटा लावून त्यांनी एवढासा हौदा केला, दोन माणसं कशीबशी मावतील इतका. ज्यांना तालमीच्या रीतीभाती माहीत नाहीत त्यांना हे काही विशेष वाटणार नाही. पण हौद्यातली माती घरी न्यायची नसते. मुलींनी हौद्यात पाय ठेवायचा नसतो. तालमीतल्या जुन्या पैलवानांनी कुरकुर केली. आबा त्यांना म्हणाले म्हणे, नातीला तिकडं न्यायची सोय न्हाय, मग हौदा हिकडं आणला, त्यात काय झालं.

त्या संध्याकाळी मी घरीच होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून परस दिसायचं. आबांनी मुलीला हौद्यात उभं केलं, मांडीवर हात मारून शड्डू कसा ठोकायचा ते दाखवलं. तिनं ठोकला नाही. आबांनी तिला सांगितलं, आज तू काही बोलायचं नाहीस, मीच पाढा म्हणणार. मी चुकलो तर माझा पाय ओढायचा. बस्स.

आणि ते म्हणायला लागले. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक बावीस.

मुलगी गप्प.

“सात चोक…” आबा विचारात पडल्यासारखे थांबले. “सात चोक शंभर.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला. “एकवीस,” ती म्हणाली. इतक्या हळू, की मला ओठांवरून कळलं.

“काय म्हनलीस?”

“एकवीस. मघाशी चुकलात. सात त्रिक एकवीस.”

“मग वढ की पाय. बगत काय बसलीस?”

तिनं दोन्ही हातांनी त्यांचा घोटा धरला आणि ओढला. आबांचा घोटा म्हणजे बाभळीचा बुंधा होता, तिच्यानं काय हलणार. पण आबा हलले. आधी डुलले, मग एक पाय वर गेला, मग ते सबंध देह घेऊन मागे कोसळले आणि लाल मातीत उताणे पडले. दोन्ही खांदे टेकले. पाठ टेकली. डोक्यावरची टोपी जाऊन विटांवर पडली.

मुलगी क्षणभर घाबरली. मग आबा पडल्या पडल्याच म्हणाले, “चितपट. आता शड्डू ठोक, न्हायतर कुस्ती धरत न्हायत.” आणि तिनं शड्डू ठोकला. मग त्यांच्या छातीवर जाऊन बसली आणि ओरडून म्हणाली की सात चोक अठ्ठावीस, शंभर नाही, अठ्ठावीस.

ज्या माणसानं झोपेतही पाठ टेकली नाही, तो आठ-नऊ वर्षांच्या पोरीसाठी आपण होऊन चित झाला. तिला आपली चूक कुणाच्या जिवावर बेतेल याची धास्ती बसली होती, म्हणून त्यांनी चुकायचं काम स्वतःकडे घेतलं आणि हरायचंही. शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मी याहून मोठी गोष्ट वाचली नाही. पण त्या संध्याकाळी खिडकीत उभा राहून मला काय वाटलं, तेही सांगायला हवं. मला वाटलं, हे कुणी बघितलं तर काय म्हणेल.

लोकांनी बघितलंच. परसाच्या पलीकडून गल्लीची वाट जायची आणि मधलं कुंपण निवडुंगाचं होतं. दूध घालायला निघालेला गवळी थांबून विचारायचा, “वस्ताद, ह्यो कुठला पैलवान म्हनायचा, तुमाला लोळवतोय?” तालमीतली पोरं मुद्दाम वाट वाकडी करून यायची. एकजण म्हणाला, वस्ताद, आम्हाला सांगितलं असतं तर आम्हीच चित केलं असतं की. आबा मातीतूनच म्हणाले, “ये की मग. आधी तेराचा पाढा म्हनून दाव.” पोरगं पळालं. तेव्हापासून गल्लीत कुणी फार ऐट करायला लागलं की त्याला तेराचा पाढा विचारायची पद्धत पडली.

यातली खरी गंमत ही, की आबा मुद्दाम कधी चुकायचे आणि खरोखर कधी, हे कुणालाच सांगता यायचं नाही. सकाळी ते चुलीपाशी बसून सुनेकडून पाढा पाठ करायचे आणि संध्याकाळपर्यंत अर्धा विसरायचे. ‘नऊ सख पंचावन्न’ ते इतक्या विश्वासानं म्हणायचे की मुलीलाही क्षणभर खरं वाटायचं. मग ती मनातल्या मनात नऊ-नऊ मिळवून बघायची आणि झेप घ्यायची. पाठ केलेलं आठवायचं नाही, तर समोरच्याचं तपासायचं, ही सवय तिला तिथं लागली. माझ्या वर्गात मी ती कुणाला लावू शकलो नव्हतो.

पाढे संपले तेव्हा आबांनी चिंचोके आणले. कुस्तीच्या मैदानात सारख्या ताकदीचे गडी शोधून त्यांची जोड लावतात. आबांनी चिंचोक्यांची जोड लावायला सांगितली. दहा चिंचोके घे, सारख्या रांगा कर. दोन रांगा झाल्या. बारा घे. दोन होतात, तीनही होतात, चारही होतात. बारा हा फार लवकर चित होणारा पैलवान, असं मुलीनं ठरवलं. मग तेरा घेतले. दोनच्या रांगा केल्या, एक उरला. तीनच्या केल्या, एक उरला. चारच्या, पाचच्या, सहाच्या, काही जमेना. ती कितीतरी वेळ मातीत बसून चिंचोके हलवत होती. शेवटी म्हणाली, आबा, हा कुणाच्याच डावात सापडत नाही.

“मग त्यो बिनजोड,” आबा म्हणाले. “असा गडी मैदानात एकांदाच आसतोय. अजून हुडीक.”

आणि तिनं सतरा शोधला, एकोणीस शोधला, तेवीस शोधला. आबांना त्यातलं काही समजत नव्हतं. ते शेजारी बसून प्रत्येक बिनजोड पैलवानाला रामराम करायचे.

त्याच सुमारास आमचे मुख्याध्यापक काही कामानं अचानक घरी आले. परसातून आरडाओरडा ऐकू येत होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी उठून मागचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं की वडिलांची तब्येत जरा ठीक नसते. तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला आत आली, हातापायाला लाल माती. मुख्याध्यापकांनी कौतुकानं तिला एक-दोन आकडे विचारले. तिनं उत्तरं दिली, आणि वर सांगितलं की तुम्ही विचारलेला एक्कावन्न बिनजोड वाटतो, पण तो तीनकडून पडतो. मुख्याध्यापक चकित झाले. मला म्हणाले, वा, घरी तुम्ही घेता वाटतं? खेळातून?

मी हो म्हणालो. दाराच्या पलीकडे आबा होते.

वर्षाच्या शेवटी ती गणितात वर्गात पहिली आली. कुरुंदवाडचं नाव पुन्हा निघालं नाही. शाळेत पालकांची सभा होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला ‘खेळातून घरचा अभ्यास’ या विषयावर बोलायला सांगितलं. मी तयारी केली. सगळं तेच सांगायचं होतं, पण तालीम, माती, लंगोट हे शाळेच्या सभागृहात कसं सांगायचं हा मला प्रश्न पडला. म्हणून मी आबांच्या जागी स्वतःला घातलं आणि हौद्याच्या जागी सोंगट्यांचा पट. चिंचोके तेवढे राहू दिले. मी पटावर कसा मुद्दाम चुकायचो आणि मुलगी मला कशी पकडायची, ते छान रंगवून सांगितलं. शेवटी म्हणालो की मूल पडलं तर त्याला ओढून उठवू नये, त्याचं त्याला उठू द्यावं. या वाक्याला मोठ्या टाळ्या पडल्या.

आबा सभेला आले होते. कोट, पटका, नवं पायताण. शेवटच्या बाकावर नातीला शेजारी घेऊन बसले होते. माझं भाषण चालू असताना मुलगी एकदा अर्धवट उठलेली मला मंचावरून दिसली. मग ती खाली बसली. मला वाटलं, कंटाळली असेल. सगळ्यांत जोरात टाळ्या आबांच्या होत्या. आयुष्यभर शड्डू ठोकलेले हात ते, त्यांचा आवाज वेगळाच कळायचा.

परतताना आबांनी भडंगाची पुडी घेतली आणि आम्ही तिघे खात खात चाललो. बरंच पुढे आल्यावर ते म्हणाले, “चांगलं बोललास. फकस्त त्या सोंगट्या कुठल्या रं? आपल्या घरात सोंगट्या हायत व्हय?”

लोकांना समजायला सोपं जावं म्हणून, असं मी काहीतरी म्हणालो.

“व्हय की. बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि नातीच्या हातावर अजून भडंग ओतलं.

पुढे हे भाषण मी अनेक ठिकाणी केलं. सत्तरच्या दशकात आमच्या भागातल्या शाळा मला बोलवायच्या, शाल-श्रीफळ द्यायच्या. सोंगट्यांच्या जोडीला सापशिडी आली, पत्ते आले. दर वेळी गोष्ट जास्त गुळगुळीत होत गेली. कबनूरच्या एका शाळेत भाषण झाल्यावर यंत्रमागावर काम करणारा एक बाप माझ्यापाशी आला. त्यानं विचारलं, “गुरुजी, तुमी खरंच हरायचा का पोरीसंगं? माझ्यानं तर हरवत न्हाय. पोराफुडं हरायचं म्हटलं की राग येतोय.” मी त्याला हसून सांगितलं की सवयीनं जमतं. एस.टी.नं परत येताना सारा वेळ मी तेच आठवत होतो. मी मुलीसमोर एकदाही हरलो नव्हतो. मला तर ते जमलंच नसतं.

आबांना तेव्हा सांगता आलं असतं. ते होते, ऐकू चांगलं यायचं, संध्याकाळी सोप्यातच बसलेले असायचे. मी रोज त्यांच्यासमोरून आत-बाहेर जायचो.

ते गेले तेव्हा मुलगी कॉलेजात गणित घेऊन शिकत होती. तालमीतले सगळे पठ्ठे आले होते, आता त्यांचेही केस पिकले होते. आबांना अंगणात उताणं ठेवलं होतं. एक जुना पैलवान डोळे पुसत म्हणाला की वस्तादांची पाठ आज लागली, पहिल्यांदा. मुलगी त्यांच्या पायाशी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “न्हाय काका. ती मी लावलीया. मागंच.” घरात आम्ही शुद्ध बोलतो म्हणून तिनं आयुष्यभर जपलेली भाषा त्या क्षणी आबांची झाली होती. लोकांना वाटलं, पोरगी दुःखात काहीतरी बोलतेय. मला कळलं होतं. तेव्हाही सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. मी तिरडीच्या दोऱ्या बघत उभा राहिलो.

मुलीनं पुढे बरीच वर्षं गणित शिकवलं. आता तीही निवृत्त झाली, आजी झाली. तिच्या निरोप समारंभात वक्त्यांनी तिच्या यशाचं श्रेय तिच्या शिक्षक वडिलांना दिलं आणि मला उभं करून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि बसलो.

परवा ती चार दिवस राहायला आली होती. मागच्या दारात बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. परसात आता फरशी आहे, शेवगा केव्हाच पडला. मी तिला म्हणालो की मी हे सगळं लिहून काढणार आहे, खरं होतं तसं. ती म्हणाली, लिहा की अण्णा, मला काय नवीन आहे त्यात.

मग मी तिला इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. त्या पहिल्या सभेत ती होती. लहान होती, पण तिला सगळं माहीत होतं. ती काहीच कशी बोलली नाही?

“उठले होते मी,” ती म्हणाली. “मी सांगणारच होते, हे खोटं आहे म्हणून. आबांनी हाताला धरून खाली बसवलं.”

“काय म्हणाले?”

तिनं हातातली शेंग मोडली. “म्हणाले, बस खाली. तुजा बा चित झालाय, पर त्येला अजून कळलं न्हाय. मी म्हटलं, मग मी जाऊन सांगते त्यांना. तर म्हणाले, नगं. पडल्यालं आपलं आपन उठतंय.”

तिनं शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघांनी मिळून शेंगा संपवल्या, आणि मग आत येऊन मी हे लिहायला बसलो.